एकोणतीस सेकंद : ट्रायथलॉनमधील एका हौशी खेळाडूचा अनुभव

— द्वितीय वर्ष, कला

खेळाच्या इतिहासात जिंकणाऱ्यांची नावे राहतात आणि हरणाऱ्यांची पुसली जातात, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. परंतु ६ फेब्रुवारी १९८२ रोजी हवाई बेटांवर झालेल्या एका शर्यतीत याच्या नेमके उलट घडले. त्या शर्यतीत स्त्रियांमध्ये पहिली कोण आली हे आज फार थोड्यांना आठवते. दुसरी आलेली मात्र त्या खेळाच्या इतिहासात कायमची जाऊन बसली. पहिली आणि दुसरी यांच्यात अंतर होते अवघ्या एकोणतीस सेकंदांचे. दुसरी आलेली मुलगी तेवीस वर्षांची होती, विद्यापीठात शिकत होती आणि आपल्या अभ्यासाचा एक भाग म्हणून त्या शर्यतीत उतरली होती. तिचे नाव ज्युली मॉस.

तिच्या त्या दिवसाच्या अनुभवाकडे शौर्यकथा म्हणूनच पाहिले जाते. मला मात्र त्यात एक प्रश्न दिसतो. शरीर कोसळल्यावरही त्याला पुढे रेटणे हे धैर्य की अविचार? आपण सगळेच कुठे ना कुठे हौशी स्पर्धक असतो. म्हणून हा प्रश्न केवळ हवाई बेटांपुरता नाही. प्रस्तुत लेखात तो तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी आधी हा खेळ काय आहे ते पाहू.

एका वादातून जन्मलेली शर्यत

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता पुरे करावयाचे, याला ट्रायथलॉन म्हणतात. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे, बूट बदलण्यात जो वेळ जातो तोही एकूण वेळेतच मोजला जातो. या नावाची आधुनिक शर्यत प्रथम २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सान डिएगो येथील मिशन बे या ठिकाणी झाली. तेथील धावपटूंच्या मंडळाने सरावातील कंटाळा घालवण्यासाठी ती भरवली होती. ४६ जणांनी भाग घेतला. त्यांत जॉन कॉलिन्स हे अमेरिकी नौदलातील अधिकारी आणि त्यांच्या पत्नी ज्युडी हेही होते.

पुढे कॉलिन्स दांपत्य हवाई बेटांतील ओआहू येथे राहावयास गेले. तेथे १९७७ साली एका शर्यतीच्या बक्षीस समारंभात खेळाडूंमध्ये वाद रंगला. सर्वांत काटक कोण? पोहणारा, धावणारा की सायकलपटू? आपल्याकडे चावडीवर किंवा वसतिगृहाच्या कट्ट्यावर असा वाद निघाला तर तो चहाबरोबर संपतो. कॉलिन्स यांनी मात्र तो मैदानात नेला. त्या बेटावर तीन मोठ्या शर्यती आधीपासूनच होत असत : समुद्रात २.४ मैल पोहण्याची, बेटाला वळसा घालणारी सायकलची आणि होनोलुलूची मॅरेथॉन. तिन्ही एकाच दिवशी लागोपाठ करावयाच्या, आणि जो पहिला येईल त्याला ‘आयर्नमॅन’ म्हणजे पोलादी पुरुष म्हणावयाचे, असे ठरले. आपल्या मोजमापात सांगायचे तर सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण निघाले, बारा जण पोहोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलर यांना ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. दुसरे आलेले जॉन डनबार बराच काळ आघाडीवर होते. पण त्यांच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्यांना बिअर पाजली, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. ती वाचून हसू येते. पण असल्या शर्यतीत शरीराला काय द्यावे याचे ज्ञान तेव्हा किती तोकडे होते, हेही त्यावरून कळते. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, लिन लमेअर ही पहिली स्त्री या शर्यतीत उतरली आणि १२ तास ५५ मिनिटे ३८ सेकंदांत ती पुरी करून सर्वांमध्ये पाचवी आली. ‘पोलादी पुरुष’ हे नाव ठेवून एक वर्ष होत नाही तोच ते अपुरे ठरले!

१९८१ मध्ये ही शर्यत व्हॅलरी सिल्क या संयोजिकेने ओआहूवरून हवाईच्या मोठ्या बेटावर, कोना येथे नेली. ओआहूवर वाहनांची वर्दळ होती. कोनाला रस्ता मोकळा होता. पण तो रस्ता जातो ज्वालामुखीच्या थिजलेल्या काळ्या लाव्हारसाच्या पठारावरून. झाड नाही, सावली नाही. खालून डांबर तापलेले, दोन्ही बाजूंनी काळा दगड तापलेला आणि समोरून वा बाजूने सुटणारा जोराचा वारा. उन्हाळ्यात सड्यावरून अनवाणी चाललेल्या माणसालाच त्या वाटेची थोडी कल्पना येईल.

हौशी म्हणजे कोण?

‘हौशी’ हा शब्द आपण जरा हलक्या अर्थाने वापरतो. हौशी नाटक म्हणजे पाठांतर कच्चे असलेले नाटक, हौशी खेळाडू म्हणजे रविवारी सकाळी मैदानात दिसणारा, असा काहीसा आपला ग्रह असतो. परंतु शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर ज्याला कोणी बोलावले नाही, ज्याला काही मिळावयाचे नाही आणि तरीही जो मनापासून करतो, तो हौशी. या अर्थाने १९८२ साली कोना येथे जमलेले सर्वच स्पर्धक हौशी होते, कारण त्या शर्यतीत रोख बक्षीस प्रथम दिले गेले ते १९८६ मध्ये. तोवर जिंकणाऱ्यालाही रोख असे काही मिळत नव्हते.

ज्युली मॉस कॅलिफोर्नियातील सान लुइस ओबिस्पो येथे शिकत होती. विषय होता व्यायामाचे शरीरशास्त्र. पदवीसाठी तिला प्रबंध लिहावयाचा होता. या शर्यतीचे चित्रण तिने दूरचित्रवाणीवर पाहिले होते, आणि आपल्या प्रबंधासाठी आपणच त्यात भाग घ्यावा असे तिने ठरवले. समुद्र तिला परका नव्हता; ती किनाऱ्यावरच्या गावातली, लाटांवर खेळलेली मुलगी. पण ती नावाजलेली धावपटू नव्हती आणि सायकलपटूही नव्हती. आपण जसे एखाद्या विषयाची टिपणे काढण्यासाठी ग्रंथालयात जातो, तशी ती शर्यतीत गेली. फरक इतकाच की तिचे पुस्तक तिचे स्वतःचे शरीर होते.

त्या दिवशी काय घडले?

सकाळी समुद्रात पोहणे झाले. नंतर लाव्हाच्या पठारावरून सायकल. मग मॅरेथॉन. या मॅरेथॉनमध्ये ज्युली स्त्रियांमध्ये सर्वांच्या पुढे होती, आणि ही गोष्ट तिलाही अनपेक्षित होती. टिपणे काढावयास आलेली विद्यार्थिनी आता पहिली येण्याच्या बेतात होती. माझ्या मते तिच्या मनात येथेच काहीतरी बदलले असावे. पुरे करणे आणि जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या हातात असते; दुसरीत मागून कोण येते आहे याचाही वाटा असतो.

शेवटच्या टप्प्यात तिचे पाय तिचे ऐकेनासे झाले. धावणे गेले, चालणे उरले. मग चालताना तोल जाऊ लागला. ती पडली, उठली, पुन्हा पडली. शरीराच्या नैसर्गिक विधींवरचा ताबाही सुटला. हे सारे शेकडो लोकांसमोर, छायाचित्रणाच्या दिव्यांच्या झोतात घडत होते. लोक मदतीला धावले, पण कोणी हात दिला तर स्पर्धक बाद होतो, म्हणून ती त्यांना दूर सारीत राहिली. अंतिम रेषा काही यार्डांवर दिसत असताना ती पुन्हा कोसळली. त्याच वेळी कॅथलीन मॅकार्टनी ही बावीस वर्षांची दुसरी विद्यार्थिनी तिच्या बाजूने पुढे निघून गेली आणि ११ तास ९ मिनिटे ४० सेकंदांत पहिली आली.

आता काय उरले होते? पहिला क्रमांक गेला होता. उठण्याची शक्ती नव्हती. ज्युली हात आणि गुडघे टेकून रांगू लागली. तान्हे मूल रांगते तशी ती रेषेपर्यंत गेली आणि तिने हात पुढे करून रेषा ओलांडली. वेळ ११ तास १० मिनिटे ९ सेकंद. पुढे तिने सांगितले आहे की, पुढे सरकत राहा असे आतून काहीतरी तिला सांगत होते.

शरीरात काय झाले?

भावनेच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. ज्युलीचे पाय मनाच्या दुबळेपणामुळे थांबले नव्हते. त्यामागे साधा हिशेब होता.

स्नायूंना तातडीने वापरता येणारे इंधन म्हणजे ग्लायकोजेन. आपण खाल्लेल्या भात-भाकरीतील पिष्टमय पदार्थांपासून ते तयार होते आणि स्नायूंत व यकृतात साठते. सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या शरीरात त्याचा साठा सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे २००० किलोकॅलरींचा असतो. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ५५ किलो वजनाच्या व्यक्तीला केवळ मॅरेथॉनसाठी २३०० किलोकॅलरी हव्यात. त्याआधीचे पोहणे आणि १८० किलोमीटर सायकल यात धरलेलीच नाहीत! चरबीचा साठा शरीरात भरपूर असतो, पण ती सावकाश जळते. ग्लायकोजेन म्हणजे खिशातले सुटे पैसे आणि चरबी म्हणजे बँकेतली मुदत ठेव. ठेव मोठी असली तरी बसच्या तिकिटाला ती उपयोगी पडत नाही.

म्हणून वाटेत खात राहावे लागते. पण त्यालाही मर्यादा आहे. आतडी ताशी साधारण ६० ग्रॅम, आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज एकत्र घेतल्यास ९० ग्रॅमपर्यंत शर्करा आत घेऊ शकतात. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तातील साखर कमी झाली की मेंदू आणि स्नायू दोन्ही अडखळतात, आणि मनाने आज्ञा दिली तरी ती पायापर्यंत नीट पोहोचत नाही. शिवाय सायकलवरून उतरून धावू लागणे ही स्वतंत्र अडचण आहे. मी रोज नऊ किलोमीटर सायकल चालवून महाविद्यालयात येते. घाईच्या दिवशी सायकल स्टँडवर लावून जिन्याकडे पळू लागले की पहिली काही पावले पाय आपले नाहीतच असे वाटते. नऊ किलोमीटरनंतर ही स्थिती. १८० किलोमीटरनंतर काय होत असेल!

आज ट्रायथलॉनची तयारी करणारे खेळाडू सायकल आणि धावणे यांचा जोडीने सराव करतात, कोणत्या तासाला काय खावयाचे याचे कोष्टक बनवतात. यांतले बरेचसे ज्ञान १९८२ नंतर जमा झाले. ज्युली त्या वाटेवर चालली तेव्हा वाटच नीट आखलेली नव्हती.

जिच्याकडे दुर्लक्ष झाले ती

या हकिकतीत एका व्यक्तीवर मात्र अन्याय होतो, ती म्हणजे कॅथलीन मॅकार्टनी. पहिली आली ती. पण कॅमेरा राहिला ज्युलीवर. अंधारात, गर्दीत आपण आघाडीवरच्या स्पर्धकाला मागे टाकले हे रेषेपाशी पोहोचेपर्यंत तिच्या लक्षातही आले नव्हते. तिने काही चूक केली नव्हती, पडलेल्या मुलीचा फायदाही घेतला नव्हता. जवळजवळ सव्वाअकरा तास तिने आपली शक्ती जपून, मोजून वापरली, आणि शेवटच्या यार्डापर्यंत ती तिला पुरली. हे काम कमी अवघड नाही. परंतु नीट आखलेले, नीट पार पडलेले काम डोळ्यांत पाणी आणीत नाही. घरात रोज वेळेवर होणाऱ्या स्वयंपाकाचे कौतुक होत नाही, करपलेल्या दिवशीच तेवढी चर्चा होते. तसेच काहीसे हे आहे.

त्या दोघींनी मात्र एकमेकींविषयी कटुता धरली नाही. तीस वर्षांनी, २०१२ साली, दोघी पुन्हा एकत्र कोनाच्या शर्यतीत उतरल्या. लोकांनी ज्या दोघींना एकमेकींसमोर उभे केले होते, त्या एकमेकींच्या शेजारी उभ्या राहिल्या.

परिणाम

काही दिवसांनी एबीसी या अमेरिकी वाहिनीने या शर्यतीचे चित्रण दाखवले. एका सामान्य विद्यार्थिनीचे ते रांगणे लाखो लोकांनी घरात बसून पाहिले. शर्यत कोण जिंकले याची चौकशी करण्याऐवजी, आपल्याला ही शर्यत पुरी करता येईल का, असे त्यांतील अनेकांनी स्वतःला विचारले. त्यांत मार्क अ‍ॅलन नावाचा एक तरुण होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो कोनाला आला, आणि पुढे १९८९ ते १९९५ या काळात ही शर्यत त्याने सहा वेळा जिंकली.

२००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला. तेथील अंतरे कमी आहेत : १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिच येथे पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण आयर्नमॅन पार केले, तेव्हा मराठी घरांतून या शर्यतीचे नाव बोलले जाऊ लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन शर्यत झाली. आणि ज्या कोनात नावापुरते का होईना सारे ‘पोलादी पुरुष’ जमत असत, तेथे २०२३ सालची जागतिक स्पर्धा केवळ स्त्रियांची झाली.

धैर्य की अविचार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शास्त्राच्या बाजूने पाहिले तर उत्तर सरळ आहे. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, मेंदूवर परिणाम होतो, आणि तेव्हा पुढे जाणे जिवावर बेतू शकते. म्हणून ज्युलीचे रांगणे हा कोणी गिरवावा असा धडा नाही. तिच्याजवळ पुरते इंधन असते तर रांगण्याची वेळच आली नसती. रांगणाऱ्याचे चित्र भिंतीवर लावून सरावाला दांडी मारणारा खेळाडू तिचा अनुयायी नव्हे.

पण एवढ्याने प्रश्न संपत नाही. माणूस दोन कारणांनी थांबतो. एक, शरीर थांबवते म्हणून. दोन, लोक पाहत आहेत म्हणून. ज्युलीला थांबण्यासाठी दुसरे कारण पुरेपूर होते. कपडे खराब झालेले, समोर कॅमेरा, पहिला क्रमांक डोळ्यांदेखत गेलेला. तिने त्या कारणाला किंमत दिली नाही. तिचे धैर्य मला सोसलेल्या वेदनेपेक्षा या ठिकाणी अधिक दिसते.

येथे स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत मी १५०० मीटर धावण्यासाठी नाव दिले होते. चुन्याने आखलेल्या मैदानाच्या पाच फेऱ्या होत्या. पहिली फेरी मी सर्वांच्या पुढे होते. टाळ्या ऐकून आणखी जोरात धावले. तिसऱ्या फेरीत सर्वजणी पुढे निघून गेल्या आणि मी एकटी मागे राहिले. मग पोटरी धरून मी मैदानाबाहेर आले. पायात गोळा आला असे सर्वांना सांगितले, घरीही तेच सांगितले. गोळा आला नव्हता. शेवटच्या दोन फेऱ्या रिकाम्या मैदानात, सर्वांच्या नजरेसमोर, एकटीने धावण्याची मला लाज वाटली होती.

हा लेख लिहिण्यासाठी वाचन करताना ती पोटरी मला वारंवार आठवत होती. यंदा मी पुन्हा नाव दिले. सकाळी पोळी आणि केळे खाऊन आले. पहिली फेरी मुद्दाम सावकाश धावले. हे मी मॅकार्टनीकडून घेतले. सातजणींत मी सातवी आले. शेवटची अर्धी फेरी मैदानात मी एकटीच होते. पुढच्या शर्यतीच्या मुली रेषेवर येऊन उभ्या होत्या, पंच हातातल्या घड्याळाकडे पाहत होते, आणि माझी वाट पाहण्यावाचून कोणालाच गत्यंतर नव्हते. माझी वेळ पुकारली गेली नाही. पण नोंदवहीत ती लिहिली आहे, हे मी नंतर जिमखान्यात जाऊन पाहून आले.